बाब्या आणि कार्टं

सांगलीला मामाकडे गेलं की माळा आवरायचं काम हटकून माझ्या वाट्याला येतं. गेल्या डिसेंबरात घराला रंग द्यायचा होता, त्यामुळे माळ्यावरच्या सगळ्या ट्रंका खाली उतरल्या. एकीत दिवाळी अंक, दुसरीत मामीच्या माहेरची पितळी भांडी, तिसरीत मामाची कात्रणं. मामानं एका दैनिकात तीस वर्षं उपसंपादक म्हणून काढली, त्यातली बरीचशी आंतरराष्ट्रीय पानावर. रात्री वृत्तसंस्थेची इंग्रजी तार यायची, मामा तिचं मराठी करायचा, वर मथळा चढवायचा आणि पान सोडून पहाटे घरी यायचा. पुढे बातम्या कॉम्प्युटरवर यायला लागल्या, तरी तो त्यांना तारच म्हणायचा.

एक कात्रण हाती लागलं. एक कॉलम, बोटभर लांब, जानेवारी 2010. मथळा होता, ‘ओबामांविषयीच्या उद्गारांबद्दल रीड यांची माफी’. मजकुरातल्या एका शब्दाखाली लाल बॉलपेननं रेघ मारली होती. शब्द होता ‘निग्रो’.

“ही रेघ कुणी मारली?”

“मीच. दुसऱ्या दिवशी, अंक हातात आल्यावर.” मामानं चष्मा कपाळावर चढवला. “या बातमीतल्या दोन शब्दांनी छळलं होतं मला.”

मामीनं भडंगाची परात मध्ये आणून ठेवली आणि आमची आवराआवर तिथंच थांबली.

प्रकरण असं होतं. अमेरिकेच्या 2008 च्या निवडणुकीवर मार्क हाल्परिन आणि जॉन हाइलमन या पत्रकारांचं ‘गेम चेंज’ हे पुस्तक त्या जानेवारीत यायचं होतं. सिनेटमधले डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते हॅरी रीड खासगीत जे बोलले होते, ते त्यात आलं होतं. ओबामा निवडून येऊ शकतात, कारण त्यांचा रंग ‘लाइट’ आहे आणि त्यांच्या बोलण्यात ‘निग्रो डायलेक्ट’ नाही, स्वतःला हवी असेल तेव्हाच येते, अशा अर्थाचं. पुस्तक दुकानात पोचायच्या आत हे फुटलं. रीडनी लगेच माफी मागितली, ओबामांनी ती स्वीकारली आणि विषय संपला असं जाहीर करून टाकलं.

“आता ‘लाइट-स्किन्ड’ला मराठीत काय लिहायचं?” मामा म्हणाला. “गोरा लिहिलं तर ओबामा गोरे होतात. सावळा लिहिलं तर रीडच्या म्हणण्याचा अर्थच उलटा होतो. मी आपलं ‘उजळ वर्णाचे’ असं लिहून पुढे सरकलो. शेजारी आमचे मुद्रितशोधक बसले होते. मान वर न करता म्हणाले, ‘निमगोरे लिहा की. रविवारच्या वधू-वरांत दर आठवड्याला छापतोच आपण.’ सगळं डेस्क हसलं.”

“मग छापलंस?”

“नाही. लाज वाटली. आणि ‘निग्रो’ मात्र बिनदिक्कत छापलं. शाळेत आम्ही तोच शब्द शिकलो होतो, त्यामुळे कुणालाच खटकला नाही. मला खटकला तो दुसऱ्या दिवशी, अंक उघडल्यावर.”

“तुला एकट्याला दोष देता येणार नाही,” मी म्हटलं. “त्याच वर्षी अमेरिकेत जनगणना झाली. तिच्या छापील अर्जावरही ‘ब्लॅक, आफ्रिकन-अमेरिकन किंवा निग्रो’ असा पर्याय होता. तो शब्द काढायचं त्यांनी 2013 मध्ये ठरवलं.”

मी न्यू जर्सीत एका सरकारी शाळेत गणित शिकवते. अमेरिकेत राहून वीस वर्षं उलटली, त्यामुळे तिथल्या बाबतीत मला जास्त कळतं असा माझा समज आहे. मामाला तो मान्य नाही. त्यानं ट्रंकेत हात घालून दुसरं कात्रण काढलं. डिसेंबर 2002.

“हेही मीच केलेलं. ट्रेंट लॉट. आठवतोय?”

आठवत होता. 5 डिसेंबर 2002 ला सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांची शंभरी साजरी झाली. रिपब्लिकन पक्षाचे सिनेटमधले नेते लॉट बोलायला उभे राहिले. थरमंड अध्यक्षपदाला उभे होते तेव्हा आमच्या राज्यानं त्यांना मत दिलं, याचा आम्हाला अभिमान आहे, बाकीच्या देशानं आमचं ऐकलं असतं तर पुढची इतकी वर्षं हे सगळे प्रश्न उभेच राहिले नसते, असं ते म्हणाले. थरमंड उभे राहिले होते 1948 मध्ये. काळे आणि गोरे वेगळेच राहिले पाहिजेत, हा त्यांच्या उमेदवारीचा गाभा होता. लॉटनी माफी मागितली, मग पुन्हा मागितली, आणि 20 डिसेंबरला नेतेपद सोडलं.

“आता हिशोब मांड,” मामा म्हणाला. “दोघंही सिनेटमधले आपापल्या पक्षाचे नेते. दोघांची जीभ वंशाच्या विषयावर घसरली. दोघांनी माफी मागितली. एक पंधरा दिवसांत घरी. दुसरा पदावर कायम, आणि त्याच नोव्हेंबरात नेवाडातून पुन्हा निवडून. रीडच्या वेळी उजव्या बाजूचे फॉक्स न्यूजवाले ओरडत होते आणि बाकीचे समजूत घालत होते. लॉटच्या वेळी उलटं. आमच्या डेस्कवर याला एकच म्हण होती.”

“आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.”

“बरोब्बर.”

“मामा, पण दोन वाक्यं सारखी नाहीत रे.” मी परात बाजूला सरकवली. “थरमंड 1948 ला स्वतःचा पक्ष सोडून उभे का राहिले? त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष ट्रूमन काळ्यांच्या नागरी हक्कांच्या बाजूला झुकले म्हणून. त्यांना चार राज्यं मिळाली, त्यांतलं एक लॉटचं मिसिसिपी. लॉट तेव्हा सात वर्षांचे होते, तरी म्हणतात ‘आम्ही मत दिलं’. मग जे ‘प्रश्न’ टळले असते असं ते म्हणतात, ते कुठले? काळ्यांनी बसमध्ये पुढच्या सीटवर बसणं? त्यांनी मतदान करणं? लॉट सांगत होते की भिंत राहायला हवी होती. रीड सांगत होते की भिंत अजून आहे, पण या माणसाला ती ओलांडता येईल, कारण त्याचा रंग फिका आहे. रीडनी शब्द जुनाट वापरला, बोलायची रीतही वाईट. पण ते काळ्या उमेदवाराला पाठिंबा देत होते. एका पारड्यात लोखंड आणि दुसऱ्यात कापूस टाकायचा, आणि काटा मध्यावर का येत नाही म्हणून दुकानदाराला चोर म्हणायचं, हा कुठला न्याय?”

“वा, मास्तरीणबाई. आता मला एवढंच सांग. रीड रिपब्लिकन असता आणि हेच बोलला असता, तर हा लोखंड-कापसाचा हिशोब तू त्याच्यासाठी मांडला असतास?”

मी भडंगातला शेंगदाणा शोधण्यात थोडा वेळ घालवला.

“रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा तेव्हाचा अध्यक्षही हेच विचारत होता,” मामा पुढे म्हणाला. “मायकेल स्टील. तो स्वतः काळा. त्याचं म्हणणं, लॉटला एक नियम आणि रीडला दुसरा का?”

“स्टीलचं नको सांगूस. त्याच आठवड्याच्या आगेमागे टीव्हीवर त्यांच्या तोंडून अमेरिकेतल्या मूलनिवासींना खटकणारा एक जुना वाक्प्रचार निघून गेला होता. त्यावरून त्यांनाच बोलणी खावी लागत होती.”

मामा इतका जोरात हसला की आतून मामी बघायला आली.

“आत्ता काय केलंस कळलं का तुला? मी एक प्रश्न विचारला. तू उत्तर दिलं नाहीस. तुझा माणूसही तसलाच, एवढंच म्हणालीस. सगळी चॅनेल्स रोज रात्री नऊ वाजता हेच करतात. रीडचं निघालं की लॉट काढायचा, लॉटचं निघालं की रॉबर्ट बर्ड काढायचा.”

हे मात्र खरं होतं. बर्ड हे डेमोक्रॅटिक पक्षाचे वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर. तरुणपणी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेत होते, पुढे त्यांनी त्याबद्दल वारंवार खेद व्यक्त केला. 2001 मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत त्यांच्या तोंडून काळ्यांना शिवी म्हणून वापरला जाणारा तो सगळ्यात वाईट शब्द दोनदा गेला. माफी मागितली, पद राहिलं. लॉटच्या बाजूचे लोक ते प्रकरण हुकमाच्या पानासारखं जपून होते.

“ठीक आहे,” मी म्हटलं, “माझी चूक. पण तुझ्याही हिशोबात एक चूक आहे. लॉटना कुणी पाडलं असं तुला वाटतं?”

“कुणी म्हणजे? विरोधकांनी. त्यांच्या वर्तमानपत्रांनी.”

“नाही. त्या समारंभाला पत्रकार होते, तो टीव्हीवर थेट दाखवलाही गेला. तरी दुसऱ्या दिवशी बहुतेक मोठ्या वर्तमानपत्रांत त्या वाक्याचा पत्ता नव्हता. ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं दोन दिवसांनी बातमी दिली, तीही आतल्या पानावर. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटमधले नेते टॉम डॅशल तर सुरुवातीला लॉटचं स्पष्टीकरण मान्य करून मोकळे झाले. आपलं दोघांचंही कधीतरी बोलताना चुकतं, म्हणाले. सिनेटमधला शेजारधर्म! चटका बसला तो घरातून. चार्ल्स क्राउथॅमर, डेव्हिड फ्रम, अँड्र्यू सलिव्हन, हे सगळे उजव्या बाजूचे लिहिणारे. त्यांनी आपल्याच नेत्याला झोडपलं. क्राउथॅमरनी तर हा माणूस नेतेपदावर राहता कामा नये असं सरळ लिहिलं. मग 12 तारखेला अध्यक्ष बुश फिलाडेल्फियात जाहीर म्हणाले की हे उद्गार चुकीचे आहेत, दुखावणारे आहेत. आपल्याच पक्षाचा अध्यक्ष असं बोलल्यावर लॉटच्या पायाखाली काही उरलं नाही.”

मामानं कात्रण पुन्हा वाचलं. त्यात यातलं काहीच नव्हतं. ‘वादग्रस्त उद्गारांमुळे राजीनामा’, एवढंच.

“हे तारेत आलं नव्हतं,” तो म्हणाला. मग थांबून, “किंवा आलं असेल. तळाचे दोन परिच्छेद मी कापले असतील. जागा एक कॉलमची.”

चहा आला. मामानं बशीत ओतला, फुंकर मारली आणि तो नेहमी करतो तसा बाजूनं हल्ला केला.

“तुझ्या कातडीला लागलं तेव्हा तू काय केलंस, ते सांग.”

मला 2006 चा उन्हाळा आठवला.

त्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाचे रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलन ब्रेक्स नावाच्या लहानशा गावात प्रचारसभेत बोलत होते. प्रतिस्पर्धी जिम वेब यांच्या प्रचारपथकातला एक वीस वर्षांचा मुलगा त्यांच्या सभा कॅमेऱ्यात टिपत हिंडत होता. भारतीय वंशाचा, पिवळा शर्ट घातलेला, त्या गर्दीत बहुधा एकटाच गहूवर्णी. ॲलननी त्याच्याकडे बोट करून त्याला ‘मकाका’ म्हटलं, एकदा नाही, दोनदा, आणि अमेरिकेत तुझं स्वागत असो असंही सुनावलं. मकाका म्हणजे माकडाची एक जात. मुलगा व्हर्जिनियातच जन्मलेला. ‘पोस्ट’नं हे प्रकरण आठवडेच्या आठवडे लावून धरलं, उजव्या बाजूनं त्या ‘पोस्ट’वरच पक्षपाताचा आरोप केला आणि नोव्हेंबरात ॲलन दहा हजारांहून कमी मतांनी पडले. त्या एका जागेसह सिनेटमधलं बहुमत फिरलं.

“मी महिनाभर धुमसत होते,” मी म्हटलं. “ऑफिसात, ट्रेनमध्ये, मराठी मंडळाच्या गणपतीत, जो भेटेल त्याला सांगत होते.”

“मग?”

“मग काही नाही. त्याच उन्हाळ्यात, महिनाभर आधी, जो बायडन यांचंही एक वाक्य टीव्हीवर आलं होतं. डेलावेअरमध्ये सेव्हन-इलेव्हनमध्ये किंवा डंकिन डोनट्समध्ये जायचं असेल तर थोडा भारतीय हेल पाहिजे, असं ते एका भारतीय माणसालाच हसत सांगत होते. मी थट्टा करत नाहीये, असंही वर म्हणाले. त्यांच्या कार्यालयानं खुलासा केला की हे कौतुक होतं.”

“आणि तू?”

“मी हसले. नवऱ्याला म्हटलं, खरंच आहे की, आपल्या कोपऱ्यावरचं डंकिन पटेलांचंच आहे.”

मामा काही बोलला नाही. बशीतला चहा संपवून त्यानं बशी पालथी घातली. त्याच्या गप्प बसण्यानं जास्त बोचलं.

“माझ्याकडे तेव्हाही उत्तर तयार होतं,” मी म्हटलं. “एकानं माकड म्हटलं, दुसऱ्यानं दुकानदार. दोन्ही सारखं नाही. आजही मला ते सारखं वाटत नाही.”

“नाहीच. पण फरक आहे म्हणून दुसऱ्याबद्दल एक ओळही बोलायची नाही, हे कुठून आलं? लोखंड जड असेल. कापसालाही वजन असतं. तू तो तराजूवर चढवलाच नाहीस.”

इथे मी हरले, हे मान्य करायला हवं. पण मामाचाही एक लाडका सिद्धांत होता आणि तो मला पटत नव्हता. त्याचं म्हणणं, सोयीनं उगारलेल्या छडीचा धाक राहत नाही. विरोधकाला मारायचं आणि घरच्याला पाठीशी घालायचं, असं दहा वर्षं चाललं की लोक म्हणतात, हे सगळं राजकारण आहे. मग खरोखर भयंकर काही बोललं गेलं तरी कुणी दचकत नाही. पुरावा म्हणून तो 2018 काढतो.

“निवृत्त झालो होतो मी. रात्री डेस्कवरच्या एका पोराचा फोन. ‘सर, ट्रम्प हैतीबद्दल आणि आफ्रिकेतल्या देशांबद्दल असं असं बोलल्याची बातमी आलीय. याला मराठीत काय लिहू?’ शब्द संडासातला. मी म्हटलं, ‘गलिच्छ’ लिही, घरात पोरंबाळं वाचतात. नंतर वाचलं, तैवानच्या वृत्तसंस्थेनं ‘जिथं पक्षीही अंडी घालत नाहीत असे देश’ असं केलं होतं. काय माणूस असेल तो डेस्कवरचा! पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की पंधरा वर्षांपूर्वी लॉट गयावया करत टीव्हीवर फिरत होता. ट्रम्पनी काय केलं? असं बोललोच नाही म्हणाले. आणि पुढे काहीही झालं नाही. का? छडी बोथट झाली होती.”

“छडी बोथट झाली नव्हती, मामा. हात बदलला होता. लॉटना आपल्याच लोकांनी मारलं, म्हणून लागलं. 2018 मध्ये फॉक्सवर टकर कार्लसन सांगत होते की बहुतेक प्रत्येक अमेरिकन माणसाचं हेच मत आहे. विरोधी चॅनेलं तर दिवसरात्र ओरडत होती. त्यांचा ट्रम्पना काय उपयोग किंवा तोटा? ज्यांना ऐकायचं होतं ते ती चॅनेलं बघतच नव्हते. पक्षाच्या माणसावर परिणाम होतो तो त्याचा रोजचा पेपर, त्याचं रोजचं चॅनेल बोललं तरच. 2002 ला ते बोललं. 2018 ला त्यानं वकिली केली.”

मामानं यावर बराच वेळ विचार केला. “म्हणजे तू म्हणतेस,” तो शेवटी म्हणाला, “प्रश्न एकच माप लावण्याचा नाही. माप आधी घरात लावण्याचा आहे.”

“असंच काहीसं.”

“पण मग घरात माप लावणाऱ्याला घरातलेच फितूर म्हणतात.”

“म्हणतातच. क्राउथॅमरसारख्या मोठ्या नावाला ते झेपलं. लहान पत्रकाराला नोकरीच सांभाळावी लागते.”

मामानं मान डोलावली. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी पुन्हा 2010 चं कात्रण उचललं. इतका वेळ एक गोष्ट मला टोचत होती आणि ती आता नीट दिसली.

“मामा, तो रीड-लॉट सामना रंगला तेव्हा एबीसी या अमेरिकन चॅनेलवरच्या रविवारच्या चर्चेत दोन उजवे पाहुणे एकमेकांशी भांडले होते. जॉर्ज विल म्हणाले, रीड यांच्या बोलण्यात वंशद्वेषाचा कणसुद्धा नाही. लिझ चेनी म्हणाल्या, काहीतरीच काय. एकाच छावणीतल्या दोघांचं पटलं नाही, हे तेवढं बरं. पण भांडण कशावर? रीड वंशद्वेष्टे आहेत की नाहीत, यावर. ते जे बोलले त्यात खोटं काय, असं विल यांनी विचारलं, पण त्यावर तिथं कुणी थांबलं नाही. रंग फिका असेल आणि बोलणं गोऱ्यांसारखं असेल तरच काळ्या माणसाला मत मिळतं का? असेल तर ते भयानक आहे. ते राहिलं बाजूला. रीड जावेत की राहावेत, लॉटचा बदला फिटला की नाही, यावर आठवडा गेला. ज्यांच्या रंगाबद्दल आणि बोलीबद्दल हे चाललं होतं, ते लोक नुसते बाउंड्रीपलीकडे बसलेले प्रेक्षक.”

“आणि मुद्रितशोधकाला एका शब्दात कळलं होतं,” मामा हळूच म्हणाला. “निमगोरा.”

“बोलीचंही तेच. मी फर्ग्युसनच्या वसतिगृहात होते तेव्हा शेजारच्या खोलीत लातूरकडची एक मुलगी होती. दलित. वक्तृत्वात बक्षीस घेऊन आली, तर एक मैत्रीण तिला मिठी मारून म्हणाली, ‘किती शुद्ध बोलतेस गं, वाटत नाहीस!’ काय वाटत नाही, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. ती मुलगी हसली. मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं. रीड यांचं वाक्य म्हणजे दुसरं काय आहे? वाटत नाहीस.”

मामानं चष्मा काढून पंच्यानं पुसला. “आमच्या डेस्कवर जिल्ह्यातून आलेला एक जण होता. ‘आनि-पानी’ बोलायचा. कॉपी माझ्यापेक्षा चांगली लिहायचा. त्याला कधी आकाशवाणीच्या चर्चेला पाठवलं नाही आम्ही. मला पाठवायचे.”

आता बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. पण मामाला शेवटचा शब्द आपला असावा असं वाटतं, आणि मलाही. तो म्हणाला, अमेरिकेतल्या चॅनेलांना नावं ठेवणं सोपं आहे, आपल्याकडेही ही चर्चा कधी तटस्थपणानं होत नाही. त्यावरून मला फोन आठवला. आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट 2015 पासूनचा आहे, आणि मी काहीही पुसत नाही.

“एप्रिल 2017 काढते,” मी म्हटलं. “भाजपचे माजी खासदार तरुण विजय अल जझीराच्या कार्यक्रमात बोलले होते. ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांवर हल्ले झाले होते, त्याबद्दल. आपण वंशद्वेष्टे असतो तर दक्षिणेच्या लोकांबरोबर कसे राहिलो असतो, आपल्या आजूबाजूला काळे लोक आहेतच की, अशा अर्थाचं. नंतर माफी मागितली. हा बघ माझा निबंध. चौतीस ओळी. खाली तुझं उत्तर.”

खाली मामाचं ‘सुप्रभात’ होतं. जास्वंदीच्या फुलासकट.

“आता मे 2024.” मी बोट सरकवलं. काँग्रेसच्या परदेशी शाखेचे सॅम पित्रोदा देशाची विविधता सांगताना म्हणाले होते की पूर्वेचे लोक चिन्यांसारखे दिसतात, पश्चिमेचे अरबांसारखे, उत्तरेचे गोऱ्यांसारखे, दक्षिणेचे आफ्रिकनांसारखे. 8 मेला ते गाजलं, पंतप्रधानांनी सभेत उचललं, पित्रोदांनी त्याच दिवशी पद सोडलं आणि जूनमध्ये ते त्यांना परतही मिळालं. त्या दिवशी गटावर मामाचे सहा संदेश होते. पहिला असा, ‘आपण पश्चिमेचे, म्हणजे अरब. उद्या मार्केट यार्डातून उंट आणतो.’

“हा विनोद चांगला होता,” मामा म्हणाला.

“होता. आणि हे माझं उत्तर.”

त्यानं चष्मा लावून वाचलं. मी लिहिलं होतं, ‘वाक्याचा संदर्भ बघा. ते विविधतेचं कौतुक करत होते.’

आम्ही दोघंही थोडा वेळ त्या पडद्याकडे बघत राहिलो. अठरा वर्षांपूर्वी बायडन यांच्या कार्यालयानं काढलेला खुलासा मी नकळत तोंडपाठ करून ठेवला होता. मामाच्या सुप्रभातीतही तेच होतं, फक्त फुलाआड. ना मला कुणी पगार देत होतं, ना मामाला. आमच्या डोक्यावर ना मालक होता, ना जाहिरातदार, ना पक्षाचा फोन. तरी पक्षाचं चॅनेल चालवावं तसं आम्ही ते सात वर्षं फुकट चालवत होतो.

“तुझं लोखंड-कापसाचं अजून खरं आहे,” मामा म्हणाला. “सगळी वाक्यं सारखी नसतात.”

“तुझंही खरं आहे. सगळी तराजूवर चढवायला हवीत.”

कुठल्या पुढाऱ्याला घालवायचं, कुणाची माफी पुरेशी मानायची, यावर आमचं त्या संध्याकाळी एकमत झालं नाही, आणि होणारही नाही. एका गोष्टीवर मात्र झालं. वर्तमानपत्र किंवा चॅनेल कुठल्या बाजूचं आहे, हे त्याच्या ओरडण्यावरून ठरवू नये. कार्ट्याबद्दल सगळेच खरं लिहितात, त्याला धाडस लागत नाही. आपला बाब्या घसरला त्या दिवशी त्यानं काय छापलं आणि कितव्या पानावर छापलं, तेवढं बघावं. आणि ज्यांच्या रंगावरून, बोलीवरून ते वाक्य गेलं, त्यांच्यातल्या एकाचं तरी म्हणणं त्यात आहे का, तेही बघावं.

तुमच्याही घरचा एखादा गट असेल. त्यात 2017 चा एप्रिल आणि 2024 चा मे काढून बघा. दोन्हीकडे तुम्ही बोलला असाल तर तुम्हाला हा लेख वाचायची गरज नव्हती.